दसरा काढायचे दिवस

पितृपंधरवडा लागला की आमच्या गल्लीत गोधड्या बाहेर पडतात. कंपाउंडच्या भिंतीवर, गच्चीच्या कठड्यावर, उभ्या स्कूटरवरसुद्धा. ओल्या कापसाचा आणि साबणाचा जड वास दुपारभर हलत नाही. कुणीतरी काठीनं गादी झोडपत असतं, आणि तो धप्प धप्प आवाज ऐकला की मी दरवर्षी खिडकी लावून घेते. शेजारच्या वहिनी कठड्यावरून विचारतात, "काय, झाला का तुमचा दसरा काढून?" मी म्हणते, "काढते की, घाई काय आहे." माझ्या घरी दसऱ्यानंतरही जळमटं तशीच लटकत असतात. वहिनींना ती दिसतात, पण स्वभावानं चांगल्या म्हणून बोलत नाहीत.

दसरा काढणं म्हणजे घट बसायच्या आधी घर मुळापासून धुऊन काढणं. माळ्यावरची भांडी उतरतात, ट्रंका उघडतात, भिंतींवर चुन्याचा हात फिरतो, अंथरूण-पांघरूण नदीवर जातं. वर्षभर ज्या वस्तूकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही तिचा या आठ-दहा दिवसांत निकाल लागतो. धुवायची, नाहीतर टाकायची. तडकलेल्या काचेच्या तसबिरी पिंपळाखाली जातात, जुन्या वह्या आणि कागद पाणी तापवायच्या बंबात जातात. लहानपणी मला हे दिवस फार आवडायचे. सामान बाहेर काढलेल्या रिकाम्या खोलीत हाक मारली की आवाज मोठा होऊन परत यायचा, आणि आम्ही भावंडं तेवढ्यासाठी आईच्या पायात घोटाळायचो.

मग मी संशोधनाच्या नादी लागले आणि या दिवसांची मला भीती वाटायला लागली.

मी नगरला एका शाळेत चित्रकला शिकवते. पस्तिशी उलटल्यावर पीएच.डी.ची हुक्की आली. विषय घेतला तो घरच्यांना आजतागायत नीट कळलेला नाही. जिल्ह्यातल्या जुन्या फोटो-स्टुडिओंतले रंगवलेले पडदे. एखादा जुना लग्नाचा फोटो आठवून बघा. नवरा खुर्चीत, नवरी शेजारी उभी, आणि दोघांच्या मागं संगमरवरी खांब, पायऱ्या, तळं, तळ्यात हंस. प्यायच्या पाण्याला टँकर लागणाऱ्या गावांतल्या माणसांच्या मागं एवढं पाणी रंगवणारा माणूस कोण होता? हंस त्यानं कुठं पाहिला? अजिंठ्यावर कपाटं भरतील इतकं लिहिलं गेलंय. आमच्या हंसावर कुणी चार ओळी लिहिलेल्या नव्हत्या.

माझे मार्गदर्शक सर शांत गृहस्थ. ते एकच प्रश्न विचारायचे, "संदर्भसाधनं कुठायत?" मी आधी शहाण्यासारखी ग्रंथालयांत गेले. एका ठिकाणी 'कला' अशी चिठ्ठी लावलेलं कपाट निघालं. आत मेंदीचे नमुने, रांगोळीची पुस्तकं आणि चित्रकलेच्या परीक्षांची गाईडं. खालच्या कप्प्यात वाळवीनं घर केलेलं एक बाड होतं, ते उचललं तर हातात भुगा आला. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मॅडम, असलं काही लोकांच्या घरीच असतं. गावांत फिरा."

म्हणून फिरले. पारनेरला पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरचं घर सापडलं. पेंटर जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा भला माणूस, चहा दिला, आणि म्हणाला, "वडिलांच्या नमुन्याच्या वह्या हुत्या की. हंस, मोर, इमान, समदं काढलेलं. मागल्या दसऱ्याला बंबात घातल्या." संगमनेरला तसबिरींना चौकटी करणारे एक काका भेटले. स्टुडिओतल्या निगेटिव्हच्या जुन्या काचा त्यांनी वर्षानुवर्षं घेतलेल्या. "लई उमदी काच, बाई. सोड्याच्या पाण्यात टाकायची, काळं सुटून येतं. मग वरून देवाची तसबीर बसवायची," असं सांगून त्यांनी दुकानातल्या भिंतीकडं हात केला. लक्ष्मी, दत्त, खंडोबा. प्रत्येक देवाच्या तोंडावरच्या काचेत आधी कुणीतरी माणूस होता. मी तिथं फार वेळ थांबू शकले नाही.

कुठंही जा, उत्तर तेच. "होतं की. मागच्या दसऱ्यापर्यंत होतं." मी जिल्हाभर एका दसऱ्यानं मागे चालले होते.

आता माझ्याकडं विद्यार्थी येतात. दृश्यकलेचा इतिहास हा आता अभ्यासक्रमातला विषय झालाय, मुलं हुशार आहेत, मोबाईलवर जगभरची संग्रहालयं उघडून दाखवतात. ती विचारतात, "मॅडम, आपल्या भागातली साधनं कुठं शोधायची?" मी सांगते, म्हाताऱ्या बायकांना विचारा, आणि श्रावण संपायच्या आत जा. मुलं हे वहीत लिहून घेतात. का, असं अजून एकानंही विचारलेलं नाही, आणि मला त्याचं बरंच वाटतं.

श्रीगोंद्याजवळच्या काष्टीला मी गेले ती संशोधनाच्या दुसऱ्या वर्षी, भाद्रपदात, पितर सुरू झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी. एका फोटोच्या पुठ्ठ्यामागं स्टुडिओचा शिक्का होता, तेवढ्या आधारावर. पाऊस ओढ देऊन बसलेला, ऊन डोळ्यांत खुपत होतं, बाजरी काढणीला आलेली. बाजाराच्या रस्त्यावर स्टुडिओच्या जागी आता मोबाईल रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानदार म्हणाला, "जागा आजींची हाय. मागल्या दाराला जा."

मागं पत्र्याचं दोन खोल्यांचं घर होतं. कौसाआजी ओट्यावर बसून वाल निवडत होत्या. ऐंशीच्या घरातल्या, हिरव्या लुगड्यातल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण वाल निवडणारी बोटं चुकत नव्हती. आजींचे मालक, म्हणजे यजमान, फोटोग्राफर होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा शुगर फॅक्टरीत.

मी विचारलं, "आजी, तुमच्याकडं जुने फोटो आहेत का हो?"

"फोटू न्हाईत. फोटू ज्येचं त्येनं न्हेलं," आजी म्हणाल्या. "काचा हायती."

त्यांनी बाजेखालून दोन लाकडी पेट्या ओढायला लावल्या. आत खाचा, खाचांत काचा, प्रत्येकीवर धुळीचा थर. मी पहिली काच काढून खिडकीशी धरली. काळ्या चेहऱ्याची, पांढऱ्या केसांची नवरानवरी, कारण निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं दिसतं, आणि त्यांच्यामागं तळं, हंस, आणि खाली कोपऱ्यात पेंटरची सही. सही! दोन वर्षं मी ज्याच्यासाठी वणवण केली होती ते नाव तिथं होतं.

मी मोबाईल काढला. आजींनी दिलेलं एक धुतलेलं धोतर खिडकीवर ताणून बांधलं, त्यापुढं काच धरायची आणि फोटो घ्यायचा. आजी शेजारी बसून बोलत राहिल्या. दिसत नव्हतं, पण पेटीतली जागा हातानं चाचपून त्या सांगायच्या, "ह्यो म्हंजी माळवाडीचा पाटील, बायकोसंगं. दोगंबी गेली. ही तिगी सक्या जावा. तिगीबी गेल्या. ह्यो पैलवान. त्यो तर लई लवकर गेला." काच हातात यायची ती अशी एकेका मरणाची बातमी घेऊन. बाहेर कावळ्यांचं सारखं ओरडणं चालू होतं, कुणाच्या तरी पत्र्यावर नैवेद्याचं पान ठेवलेलं असणार. मी हूं हूं म्हणत होते आणि पडदे बघत होते. ज्या काचांत पडदा चांगला दिसतो अशा अकरा मी टिपल्या. उरलेल्या नंतर, नीट यंत्रावर करू, असं ठरवलं.

शेवटी आजींनी दुसऱ्या पेटीच्या तळाशी हात घातला आणि झबल्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेली एक काच काढली.

"हिचा फोटू करून देशील का मला? भिंतीला लावाया," त्या म्हणाल्या. "माजी शेवंता. पैली. वरीस भरलं न्हवतं, गेली. ह्यांनी काच केली, पर छापायला हात झाला न्हाई त्यांचा. मी एकदोनदा म्हनले, तर उठून भाईर गेले. मग म्या बी म्हनले न्हाई."

त्यांनी काच माझ्या हातात दिली. "पोरी, येवढ्या लहान लेकराचं पितरांत पान वाढत न्हाईत. समद्यांची पानं वाढते मी, तिचं न्हाई. भिंतीवर तरी आसू दे."

मी काच खिडकीशी धरली. इथं मी खरं सांगितलं पाहिजे. त्या दोन वर्षांत माझ्या नजरेला खोड लागली होती. फोटो हातात आला की ती माणसाला वळसा घालून सरळ मागं जायची. मागं कोरी भिंत होती. पडदा नाही, खांब नाहीत, तळं नाही. खाली गोधडीची किनार आणि तीवर बसवलेलं मूल. माझ्या विषयाच्या बाहेरचं होतं ते. मी काच खाली घेतली आणि म्हटलं, "आजी, हा नीट मोठा करून देते. पुण्याला माझ्या मैत्रिणीकडं यंत्र आहे. सगळ्याच काचा आज घेऊन जाऊ का?"

आजींचा हात पेटीवर पडला. "आज न्हाई. ह्या पंधरवड्यात गेलेली मानसं घरला येत्यात. आन तू त्यास्नी पेटीत घालून पुन्याला न्हेतीस व्हय? अमुशाला ये. अमुशाला माघारी जात्यात ती. मग न्हे."

मला एस.टी. गाठायची होती. पायात चपला घालता घालता दारातूनच म्हणाले, "पण आजी, जपा हं. फार धूळ बसलीय त्यांच्यावर, स्वच्छ ठेवा. आणि सगळ्यात आधी शेवंताचा फोटो करायचा आपण." पाणी लावू नका, एवढे तीन शब्द मी बोलले नाही. चौकटीवाल्या काकांच्या भिंतीपुढं उभी राहून आले होते मी. सोड्याच्या पाण्यात काळं कसं सुटतं हे मला माहीत होतं, आजींना माहीत नव्हतं. त्यांच्या घरात मालकांनी काचांना कुणाला हातच लावू दिला नव्हता.

तो पंधरवडा मला दिवसादिवसानं आठवतो. हवा कोंदलेली, झाडाचं पान हलत नव्हतं. शाळेत मुलांना तेरड्याची फुलं काढायला दिली होती, ती दुसऱ्या तासाला माना टाकायची. आमच्या घरी सासऱ्यांचं पान नवमीला, तोपर्यंत काही नव्हतं, तरी रोज कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर पान मांडलेलं असायचं आणि लोक हात जोडून कावळ्याची वाट बघत उभे असायचे. मला सारखं वाटायचं की उठावं आणि काष्टीला जाऊन यावं. मन मात्र समजूत घालायचं. पन्नास-साठ वर्षं टिकलेल्या काचा पंधरा दिवसांत कुठं जातायत?

अमावस्येला तीन दिवस असताना मी आजींच्या मुलाला फोन केला. मागं कुठंतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो हसून म्हणाला, "या, या. काय काळजी करू नका मॅडम. आईनं तुमचं बोलनं लई मनावर घेतलंय." मला इतकं बरं वाटलं की मी सरांना फोन करून सांगितलं, साधनं सापडली.

अमावस्येच्या दिवशी अर्धी रजा टाकून निघाले. पिशवीत मऊ कागद, कापूस, जुन्या ओढण्या, काचा गुंडाळायला. श्रीगोंद्याच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोधड्याच गोधड्या. बाभळींवर, तारेच्या कुंपणावर, ऊस वाहायच्या गाडीवर. अख्खा मुलूख उघड्यावर वाळत पडला होता. ओढ्याच्या पुलाखाली बायकांनी पितळेच्या घागरी पालथ्या घातल्या होत्या, त्यांच्याकडं बघवत नव्हतं इतकं ऊन त्यांवर होतं. गावात शिरले तर ओल्या चुन्याचा आणि सोड्याचा वास. बोळात वळण्याआधीच मला आजींच्या अंगणात काहीतरी चमकताना दिसलं. भांडी असतील, असं मी स्वतःला सांगितलं.

अंगणात बाज टाकली होती. बाजेवर धुतलेलं धोतर अंथरलं होतं आणि त्यावर काचा, एकीला एक टेकवून, उन्हात ओळीनं वाळत होत्या. त्यांच्यातून पलीकडचा गोठा, गोठ्यातली म्हैस, म्हशीच्या पुढची वैरण, सगळं स्वच्छ दिसत होतं.

"आलीस? कवाधरनं वाट बघतीया," आजी म्हणाल्या. पदर खोचलेला, कपाळावर घाम, चेहरा आनंदानं फुललेला. "बघ कशा लख्ख झाल्यात. लई काळं बसलं हुतं गं. दोन दीस सोड्याच्या पान्यात ठिवल्या, मग काथ्यानं घासल्या. सुनंला हात लावू दिला न्हाई. आन एक न्हाई फुटली!"

त्यांनी तळवे पुढं केले. सोड्यानं सालटं निघाली होती.

माझ्या मनात पहिला विचार काय आला तेही लिहून टाकते. माझ्या अकरा मोबाईलमध्ये आहेत, हा आला. पेंटरची सही वाचली, हा आला. पुढं प्रबंधात त्या अकरा छापल्या, सरांनी पाठ थोपटली, आणि साधनांच्या यादीत 'खासगी संग्रह, काष्टी' अशी सभ्य ओळ मी लिहिली. पदवी मिळाली. परीक्षकांपैकी एकानं विचारलं होतं, मूळ काचेच्या प्लेटा आता कुठं आहेत? मी सांगितलं, मूळ मालकाच्या घरी सुरक्षित आहेत. एकही फुटलेली नाही. उत्तर खोटं नव्हतं, आणि त्याची मला इतकी लाज वाटते की त्या प्रबंधाची माझी प्रत मी कपाटात उलटी ठेवते.

अंगणात मात्र त्या दिवशी मी नुसती उभी होते. आजींनी आत जाऊन झबल्याचा तुकडा आणला. तोही धुतलेला होता. त्यातली काच त्यांनी दोन्ही हातांनी काढली आणि उन्हाकडं धरली. त्यांचं तोंड वर, पांढुरके डोळे काचेवर.

"मला तर निस्ता उजेड दिसतोय," त्या म्हणाल्या. "माज्या डोळ्यास्नी कुठलं दिसायला. तू बघ. दिसती का?"

काचेतून त्यांची बोटं दिसत होती, बोटांमागं आभाळ.

मी काच हातात घेतली. "दिसते," मी म्हणाले.

"व्हय?" आजी जवळ सरकल्या. माझ्या दंडाला धरलं त्यांनी. "कशी दिसती गं? सांग की."

मी सांगायला लागले. बसलीय, म्हणाले. गोधडीवर. गुटगुटीत आहे. इथपर्यंत ठीक होतं, गोधडी मी पाहिली होती. पण आजींची पकड सैल होईना, त्यांना अजून हवं होतं, म्हणून मी पुढं गेले. डोळ्यांत काजळ आहे, गालाला तीट आहे, म्हणाले. आजी मान हलवत होत्या. मला धीर आला. "आणि केस किती छान आहेत हो, आजी. कुरळे. कपाळावर आलेत."

आजींची मान हलायची थांबली.

"क्यास?" त्या म्हणाल्या. "क्यास न्हवतं तिला. सकाळी जावळ काढलं मामाच्या मांडीवर, आन दुपारी फोटूला बसवली. पुरी चकोट हुती."

बाजेवर एक काच घसरून दुसरीवर टेकली, तेवढा किणकिण आवाज झाला. आजींनी माझा दंड सोडला. काच माझ्या हातातून घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. मी रडत होते, ते त्यांना दिसत नव्हतं, ऐकू येत असावं.

मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, मला रागावल्यासारखं नाही, काहीतरी मागितल्यासारखं, "त्या दिशी बघितली हुतीस ना पोरी? तवा हुती न्हवं ती काचंत? तवाची सांग. तोंड कसं हुतं तिचं?"

त्या दिवशी मी मागची कोरी भिंत पाहिली होती.